हॅम रेडिओच्या टॉवरचं अर्थिंग : माझा अनुभव

हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स मिळाल्यावर काही वर्षं मी गच्चीवर ताणलेल्या तारेवरच भागवलं. पुढे गंगापूर रोडच्या बाजूला स्वतःचं घर झालं आणि मागच्या अंगणात १२ मीटरचा जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) लॅटिस टॉवर उभा करायचं ठरलं. टॉवर उभारणारी माणसं नाशकात सहज मिळाली. अर्थिंगबद्दल मात्र ज्याला विचारावं त्याचं उत्तर ठरलेलं : "ताई, एक खड्डा घेऊ, कोळसा-मीठ टाकू, पट्टी सोडू. काम झालं."

घरातल्या वायरिंगसाठी हे चालून जातं. आभाळातल्या विजेची गोष्ट वेगळी. तिच्या पहिल्या झटक्याचा प्रवाह साधारण ३० हजार अँपिअर धरतात आणि तो काही मायक्रोसेकंदांत शिखराला पोचतो. इतक्या वेगाने वाढणाऱ्या प्रवाहाला तारेच्या रोधापेक्षा (ओहम) तिचं इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध, जास्त अडवतं. सरळ तारेचं इंडक्टन्स मीटरमागे सुमारे १ मायक्रोहेन्री असतं. म्हणजे १० मीटर तारेतून ३० हजार अँपिअर ५ मायक्रोसेकंदांत गेले, तर तिच्या दोन टोकांत ६० हजार व्होल्टचा फरक पडतो. तार जाड घेतली तरी हा आकडा फारसा उतरत नाही. म्हणून गोल तारेऐवजी चपटी पट्टी, शक्य तितकी आखूड आणि सरळ. वळण द्यावंच लागलं तर ते मोठं, काटकोन कुठेही नाही. हे मी वायरमन काकांना आधीच कागदावर काढून दिलं.

खरी परीक्षा जमिनीने घेतली. वर काळी माती, खाली थोडा मुरूम आणि लगेच काळा पाषाण. ३ मीटरचा रॉड अर्ध्यावर जाऊन थांबला. घण मारला की नुसता वाजायचा. बोअरचं मशीन आणण्यापेक्षा आम्ही आडवं पसरायचं ठरवलं. टॉवरच्या तिन्ही पायांपासून तीन दिशांना अडीच फूट खोल चर खणून त्यांत २५ बाय ६ मिलिमीटरची जीआय पट्टी गाडली आणि जिथे मुरूम हाताला लागला तिथे आखूड रॉड ठोकले. विजेसाठी एका लांब पट्टीपेक्षा अनेक दिशांना गेलेल्या आखूड पट्ट्या जास्त उपयोगी पडतात. फाउंडेशनच्या सळयाही पायांना वेल्ड करून घेतल्या होत्या, पण विजेचा सगळा भार काँक्रीटवर टाकायचा नव्हता.

मिठाला मी ठाम नकार दिला. ते पावसाबरोबर वाहून जातं, आणि राहिलं तर पट्टीवरचं जस्त खातं. त्याऐवजी बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) भरलं. त्यातलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट आपल्या काळ्या मातीतही असतं, म्हणूनच ती ओल धरून ठेवते. पण ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि रॉडपासून सुटते, त्यामुळे पाणी घालायला प्रत्येक रॉडजवळ पाइपचा तुकडा ठेवला आहे.

सर्वांत जास्त वाद झाला तो टॉवरचं अर्थिंग घराच्या मीटरच्या अर्थिंगला जोडण्यावरून. काका म्हणाले, "ताई, जोडलं तर वीज घरात येईल. लांब ठेवा." हे मत मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की इथे जरा थांबून सांगते. समजा टॉवरचं अर्थिंग ५ ओहम आहे. ३० हजार अँपिअर आले की ते क्षणभर दीड लाख व्होल्टवर जातं. मीटरचं अर्थिंग वेगळं असेल तर ते शून्याजवळच राहतं, आणि दोघांना जोडणारी एकच वाट उरते : कोअॅक्स केबल (अँटेनापासून रेडिओपर्यंत येणारी), टेबलावरचा रेडिओ आणि घरातलं वायरिंग. मी काकांना म्हटलं, "पूर किती ते आपण गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीवरून बघतो ना? पाण्याबरोबर मारुती आणि काठ दोन्ही तेवढेच वर उचलले गेले, तर कोण भिजेल?" ते जरा वेळ गप्प राहिले. मग दोन्ही अर्थिंग जोडायला स्वतःच भिंतीलगत चर आखायला घेतला.

त्याच विचाराने बाहेरच्या भिंतीवर तांब्याची एक प्लेट बसवली. कोअॅक्स आणि अँटेना फिरवणाऱ्या रोटरची केबल, दोन्ही तिथूनच घरात येतात, आपापल्या सर्ज अरेस्टरमधून (अचानक वाढलेलं व्होल्टेज जमिनीत उतरवणारं उपकरण). कोअॅक्सची जाळी टॉवरच्या माथ्याशी आणि पायथ्याशीही टॉवरला बांधली आहे. तांबं जस्ताला थेट टेकू दिलं नाही. ओल लागली की जस्त झिजतं. मध्ये स्टेनलेस स्टीलचे वॉशर आहेत.

मोजणी मी मुद्दाम मेमध्ये करून घेतली, कारण पावसाळ्यानंतर कुठलंही अर्थिंग चांगलंच दिसतं. अर्थ मेगरचा (अर्थिंगचा रोध मोजणारं यंत्र; आकडा जितका कमी तितकं चांगलं) लांबचा खुंटा शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये रोवावा लागला. परवानगी मागायला गेले तेव्हा तिथल्या काकूंनी विचारलं, "तुमच्या टॉवरमुळे वीज आमच्यावर येणार नाही ना?" मी त्यांना खरं तेच सांगितलं : उंच धातूवर वीज पडण्याची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून तर तिला जमिनीत जायची वाट करून देतेय, अर्थिंग वीज ओढतही नाही आणि थांबवतही नाही. मधला खुंटा लांबच्या खुंट्यापर्यंतच्या ६२ टक्के अंतरावर ठेवून रीडिंग घेतलं तर १४ ओहम. १० च्या आत हवं होतं. कंपाउंडलगतची पट्टी वाढवली, तेव्हा ते ७ वर आलं.

एवढं करूनही वळवाचं आभाळ भरून येताना दिसलं की मी रेडिओ चालवत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप बघते आणि गडगडाट जवळ येण्याआधीच प्लेटच्या बाहेरच्या बाजूने केबल काढून ठेवते. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवायचा अजून बाकी आहे. पुढच्या मेमध्ये सगळे क्लॅम्प पुन्हा आवळून मेगर लावायचा आहे, आणि काकूंनी त्यांच्या घराचं अर्थिंगही त्याच वेळी मोजून द्यायला सांगितलं आहे.