भिंतीवरचा

आज सकाळपासून बाबांचे एक वाक्य मनातून जात नाही, म्हणून झोपण्यापूर्वी ही वही काढली आहे. घरात कार्य आहे आणि गोठ्याला चुना मारायचा तेवढा राहिला होता, तेव्हा गड्याने सकाळीच चुना भिजवला आणि पांदणीकडच्या भिंतीपासून सुरुवात करायला तो कुंचा घेऊन उभा राहिला. बाकीच्या तीन भिंती आधी करून घे, असे मी त्याला सांगितले. त्याने कारण विचारले नाही. समोर खाटेवर बाबा बसले होते, त्यांनीही कारण विचारले नाही. त्यांनी विचारले, "तो गेला का रे शेवटी?" कोण, असे मी म्हटल्यावर म्हणाले, "तो भिंतीवरचा." गेला, २०१८ सालीच गेला, असे मी सांगितले. ते थोडा वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "मंग अजून लिहून काऊन ठेवलं?"

एवढेच झाले. पुढे ते कापसाच्या ओलाव्याबद्दल बोलू लागले आणि मी उत्तर देण्यातून सुटलो. बाबांना ती अक्षरे म्हणजे पोराचा काहीतरी खुळेपणा वाटत असेल, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. परंतु तो एक माणूस आहे आणि त्याने जावे असे आपल्या मुलाला वाटते, एवढे त्यांना बरोबर ठाऊक होते, आणि ठाऊक असताना त्यांनी रोज खाटेवरून ते वाचले होते.

ती अक्षरे ८ मार्च २०१७ च्या पहाटेची आहेत. आपल्याकडे रात्री सव्वा वाजता सामना सुरू झाला होता. आर्सेनल हा माझा लंडनचा फुटबॉल संघ. जर्मनीच्या बायर्न म्युनिककडून तिकडे जाऊन ५-१ असा मार खाल्ल्यावर घरच्या मैदानावरही ५-१, म्हणजे दोन्ही मिळून १०-२ अशी आमची गत झाली. 'आमची' हा शब्द लिहिताना आज थोडे हसू येते, तेव्हा येत नव्हते. मोबाइलच्या वीतभर पडद्यावर आर्सेनलचे घरचे प्रेक्षक उठून जाताना दिसत होते आणि संघाचा प्रशिक्षक आर्सेन वेंगर आपल्या जागी बसून होता. झोप लागणे शक्यच नव्हते. उजाडता उजाडता गेरूचा डबा घेतला आणि हातभर उंचीच्या अक्षरांत 'वेंगर आऊट' असे लिहून काढले. अक्षर चांगले आले होते, हे कबूल करतो. बैल विकल्यानंतर गोठ्याला चुना लागलाच नाही आणि वरून पत्र्याची वळचण असल्यामुळे पावसानेही ते धुतले नाही.

मी चुकलो नव्हतो, हे आज दिवसभर स्वतःला सांगतो आहे. २००४ नंतर त्याला लीग, म्हणजे इंग्लंडमधली वर्षभराची मुख्य स्पर्धा, जिंकता आली नाही. २००५ च्या एफए कपनंतर (ही तिथली बाद पद्धतीची स्पर्धा) २०१४ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षे, एकही मोठा चषक आला नाही. २०११ मध्ये ऐन पोळ्याच्या सुमारास मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर आम्ही ८-२ असे हरलो. २०१४ मध्ये त्याच्या हजाराव्या सामन्यात चेल्सीने सहा गोल घातले आणि आमचा एकही झाला नाही. २०१६ मध्ये सगळे बडे संघ एकदम ढेपाळले, तेव्हा तरी आपली वेळ आली असे वाटले होते, तर लीग लेस्टरने नेली आणि आम्ही दहा गुणांनी मागे, दुसरे. दरवर्षी डिसेंबरात आशा लागायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये पडझड व्हायची आणि मे महिन्यात आम्ही पहिल्या चारांत येऊन, म्हणजे युरोपातल्या बड्या संघांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये जागा मिळवून, समाधान मानायचो. पहिल्या चारांत येणे हीसुद्धा एक ट्रॉफीच आहे, अशा अर्थाचे तो बोलला, तेव्हा जगभर त्याची टिंगल झाली आणि त्या टिंगलीत मीही होतो. ज्या घरात लावलेला खर्च निघाला तरी वर्ष बरे गेले असे म्हणण्याची रीत आहे, त्या घरात वाढून मला ते वाक्य कळले नाही, याचे आता नवल वाटते.

तेव्हा मी बरोबर होतो. मग बाबांच्या प्रश्नाला उत्तर का देता आले नाही?

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात, आणि वेंगरने घरच बांधले होते. हायबरीच्या जुन्या मैदानात अडतीस हजारांच्या आसपास माणसे मावत, म्हणून २००६ मध्ये संघ साठ हजारांच्या नव्या मैदानात गेला आणि त्यासाठी काढलेले कर्ज पुढची कितीतरी वर्षे फेडावे लागले. त्याच काळात चेल्सी आणि मँचेस्टर सिटी यांना पैशाची विहीर लागलेली होती. इकडे आम्ही एकेक माणूस विकत होतो. २००७ मध्ये आन्री गेला, २०११ मध्ये फाब्रेगास आणि नासरी गेले, २०१२ मध्ये व्हान पर्सी गेला आणि तोही थेट युनायटेडकडे, जाऊन पहिल्याच वर्षी त्यांना लीग जिंकून दिली. वेंगरने स्ट्रासबर्गला अर्थशास्त्राची पदवी घेतलेली होती, हिशोब त्याला कळत होता. उपाशी ठेवून घर चालवणाऱ्या कर्त्या माणसासारखा तो पोरे घेऊन, मुलाखतींमधून सगळे ठीक आहे असे सांगत, दरवर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये पोहोचवत राहिला. त्या वर्षांत मी त्याला कंजूष म्हणत असे. आमच्या विहिरीच्या कर्जाच्या काळात मी घरात आणखी कोणाला कंजूष म्हणत होतो, ते येथे लिहीत नाही.

त्याने मला काय दिले, हे मात्र लिहिले पाहिजे. २००३-०४ चा तो हंगाम मी नागपूरच्या वसतिगृहात पाहिला. ३८ सामने, २६ विजय, १२ बरोबरी आणि पराभव एकही नाही. शेवटचा सामना १५ मे २००४ रोजी लेस्टरशी होता. दोनच दिवसांपूर्वी लोकसभेचे निकाल लागलेले असल्यामुळे मेसमधल्या टीव्हीवर पंतप्रधान कोण होणार एवढे एकच चालले होते, आणि मला चॅनेल बदलण्यासाठी दोन मुलांना समोसे खाऊ घालावे लागले. लेस्टरने आधी गोल केला. कूलरचे पाणी संपले होते, ते भरायला उठण्याची माझी हिंमत झाली नाही. उत्तरार्धात आन्रीने पेनल्टी मारली, मग बर्गकाम्पने चेंडू असा सरकवला की व्हिएराला फक्त पुढे धावत जायचे होते. २-१. समोशांवर राजी झालेली ती दोन्ही मुले माझ्याबरोबर नाचली. त्यांना फुटबॉलचे काहीही कळत नव्हते. एखादे काम कोणी इतके देखणे करू शकतो, हे मी त्या वर्षी प्रथम पाहिले, आणि त्यानंतर वावरातली सरळ तासे पाहिली तरी मला तो संघ आठवत असे. १९९६ मध्ये वेंगर जपानहून लंडनला आला, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्राने हा कोण, असे विचारले होते. दुसऱ्याच वर्षी लीग आणि कप दोन्ही घेऊन त्याने उत्तर दिले. खेळाडूंच्या ताटातली चॉकलेटे काढून उकडलेल्या भाज्या वाढणारा तो मनुष्य मला आमच्या आजीच्या जातकुळीतला वाटायचा.

आणि अशा माणसाला मी भिंतीवर लिहून हाकलले. एवढे लिहिले की स्वतःची फार कीव येऊ लागते. कापसाचा भाव पडला तर पारावर चार माणसांत बोलता येते, पण लंडनमधल्या संघाने आठ गोल खाल्ले म्हणून दोन दिवस अन्न गोड लागत नाही, हे मी कोणाला सांगणार होतो? कामठीला असतो तर निदान फुटबॉल मुरलेली माणसे भेटली असती. येथे माझे प्रेम एकट्याचे, राग एकट्याचा, आणि आता हा अपराधही एकट्याचाच. ज्याच्याविरुद्ध लिहिले त्याला पत्ता नाही, ज्यांनी वाचले त्यांना तो कोण हे माहीत नाही, आणि क्षमा मागायची तर ती कोणाच्या दारात जाऊन मागायची?

खरे तर गावाने त्या अक्षरांचे काय केले, हे आठवले की ही सगळी कीव गळून पडते. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या वावरातले काका विचारायला आले की हे वेंगर कोणत्या अळीवर चालते आणि एकरी किती मारायचे. भिंतीवर बियाण्याची आणि औषधाचीच नावे पाहायची सवय, त्यांचा काय दोष. (त्याच वर्षी पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे गेली. तो विनोद मी पुन्हा कोणाला सांगितला नाही.) त्यानंतर निवृत्त गुरुजी थांबले, चष्मा वर करून त्यांनी वाचले आणि गंभीरपणे म्हणाले की एक तर नाव अर्धवट लिहिले आहेस, आणि दुसरे म्हणजे वेंगसरकर १९९२ मध्येच निवृत्त झाला, त्याला आता आऊट कोण करणार? मी त्यांना दुरुस्त केले नाही. पुढे कित्येक दिवस ते मला पाहिले की लॉर्ड्सवरच्या त्याच्या तीन शतकांबद्दल बोलत असत.

आणि मी काही जगावेगळे केले होते, असेही नाही. त्याच मार्चमध्ये वेस्ट ब्रॉमच्या मैदानावरून दोन विमाने फिरली होती. एकाच्या मागे त्याला करार देऊ नका, बाहेर काढा असा फलक, आणि दुसऱ्याच्या मागे त्याच्यावर आमचा विश्वास आहे असा. खाली सामना आम्ही ३-१ ने हरलो. नोव्हेंबरात झिंबाब्वेच्या हरारे शहरात लोक अध्यक्ष मुगाबेंना घालवण्यासाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्या गर्दीतही कोणीतरी वेंगर आऊटचा फलक धरलेला होता. हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले होते. आपण एकटे नाही, आफ्रिकेतही आपल्यासारखा एक रिकामटेकडा आहे. मे महिन्यात वेंगरने चेल्सीला हरवून एफए कप घेतला, तो त्याचा सातवा, आणि चारच दिवसांनी दोन वर्षांचा नवा करार केला. माझ्या भिंतीला त्याने भीक घातली नाही, हे मला त्या वेळीही थोडे आवडले होते.

जायचे तेव्हा मात्र गेलाच, करार एक वर्षाचा बाकी असताना. ६ मे २०१८ रोजी घरच्या मैदानावरचा त्याचा अखेरचा सामना झाला, बर्नलीवर ५-० असा विजय मिळाला आणि साठ हजार माणसे उभी राहिली. त्यांत फलक धरणारेही असणार. मीही वरच्या खोलीत उभा राहून टाळ्या वाजवल्या, आणि खालून आईने काय झाले म्हणून विचारले, तेव्हा डास आहेत असे सांगितले. २२ वर्षे, १,२३५ सामने. माणूस उठून गेला की त्याची खुर्ची एकदम केवढी मोठी दिसू लागते. पुढे साडेचार वर्षे त्याने त्या मैदानात पाऊल ठेवले नाही. २०२२ च्या नाताळानंतरच्या सामन्याला तो प्रेक्षकांत येऊन बसला, आणि पुढच्या वर्षी मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला, लीगचा चषक दोन्ही हातांनी वर धरलेला. मैदानाच्या कडेला कोटाची चेन लावताना वेंगर नेहमी झगडत असे, पुतळ्यातल्या माणसाला तसे कधी झगडावे लागणार नाही. मला त्याच्या ८-२ आणि १०-२ सकट तो हवा होता, पण तसे पुतळे कोणी करत नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरात तो भुवनेश्वरला आला होता, फुटबॉल अकादमीच्या उद्घाटनासाठी. नागपूरहून एका गाडीत बसले की भुवनेश्वर. वेचणीला बाया मिळत नव्हत्या आणि बाबांचे ते दवाखान्याचे चालू होते, म्हणून मी गेलो नाही. गेलो असतो तरी त्याला काय सांगणार होतो? तुमच्याबद्दल आमच्या गोठ्यावर लिहिले आहे, असे?

प्रश्न पुन्हा तेथेच येतो. त्याने जावे असे मला वाटत होते आणि ते योग्यच होते. तो गेल्यावर मला बरे वाटले नाही, हेही खरे आहे. या दोन गोष्टी एका भिंतीवर मावत नाहीत, एवढीच अडचण असेल कदाचित. जावे असे वाटणे आणि जा म्हणून लिहिणे यांत जे अंतर आहे, ते मी त्या पहाटे गेरूचा डबा घेऊन ओलांडले. निदान दुसऱ्या माणसाच्या बाबतीत मी भिंतीवर लिहिले नाही. त्याच वर्षी वावराच्या हिशोबाची वही मी नुसती माझ्याकडे घेतली, आणि बाबांनी ती कोणताही शब्द न बोलता दिली. तेव्हापासून ते त्या खाटेवर बसतात, आणि खाटेसमोर ती भिंत आहे.

संध्याकाळी गड्याने सांगितले की तीन भिंतींतच चुना संपला. मी बरे म्हणालो. बाबा म्हणाले, "उद्या आणजो, पाच किलो पुरते." उद्या तालुक्याला जायचेच आहे, मांडववाल्याला विसार द्यायचा आहे, वेचणीच्या बायांसाठी सुटे पैसे आणायचे आहेत. यादीत चुना लिहिला आहे. कुंचाही नवा लागेल म्हणतो, जुन्याचे केस गळतात.