प्रेशर फ्रायर: आत काय घालायचं, कढईसाठी काय ठेवायचं

मंडळी, झाकणाचं गॅस्केट, म्हणजे वाफ अडवणारी रिंग, नवीन घातल्यापासून माझा प्रेशर फ्रायर, म्हणजे झाकण घट्ट लावून दाबाखाली तळायचं यंत्र, व्यवस्थित चाललाय. दाबाचा काटा 12 पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) जाऊन थांबतो, टायमर संपला की दाब पूर्ण उतरतो आणि मगच झाकण सुटतं. आता खरा विषय, म्हणजे यात तळायचं काय.

माझ्यापुरतं उत्तर ठरलंय: जाड आणि ओलं. या भांड्यात दाब बाहेरून येत नाही. पदार्थातल्या पाण्याची वाफ होते आणि तीच कोंडून दाब धरते. आमची सांगली साधारण 550 मीटर उंचीवर आहे. उघड्या कढईत इथं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं आणि तुकड्यातून भराभर निघून जातं. 12 पीएसआय दाबाखाली तेच पाणी 116 अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून रस आत राहतो, हाडाजवळचं मांस लवकर शिजतं आणि तेल 160 अंशांवर ठेवलं तरी काम होतं. उघड्या तळणाला 175-180 लागतं.

त्यामुळे पहिला मान हाडासकट ब्रॉयलर कोंबडीचा. किलो-सव्वा किलोचा पक्षी, आठ तुकडे, रात्रभर मीठ, दही, आलं-लसूण आणि आपला कांदा-लसूण मसाला लावून मुरवलेला. वरून मैद्याचं कोरडं कोटिंग, सैल पीठ झटकून टाकायचं. 10 ते 12 मिनिटांत मांडीच्या हाडालगत थर्मामीटर 74 च्या वर जातो. मसाला मी मुरवणातच घालतो, पिठात नाही. लसूण आणि तिखट वरच्या थरात असलं की काळं पडतं, आणि तेलही लवकर खराब होतं. एक गोष्ट मान्य करायला हवी: कोटिंग उघड्या तळणाइतकं कडक होत नाही, कारण वाफ आतच असते. बाहेर काढल्यावर तुकडे जाळीवर ठेवा, कागदावर नको. कागदावर खालची बाजू लगेच मऊ पडते.

गावरान कोंबडीबद्दल इकडं सगळेच विचारतात. माझं मत ठाम आहे, ती रश्श्यातच घालावी. वय झालेल्या पक्ष्याचे स्नायू बांधून ठेवणारे धागे सुटायला वेळ लागतो, दहा-बारा मिनिटांत ते होत नाही. वेळ वाढवला तर वरचं पीठ करपतं आणि मांस चिवटच राहतं. इतक्या चवीचा पक्षी असा वाया घालवू नये.

भाज्यांत बटाटा उत्तम. पुसेगावकडचा बटाटा सालासकट, बोटभर जाड फोडी करून घेतो. आत पिठूळ, बाहेर सोनेरी येतो. कणसाचे दोन-अडीच इंचांचे तुकडेही फार छान होतात, दाणा रसरशीत राहतो. वांगं मात्र मी बाजूला ठेवलंय. कृष्णाकाठचं वांगं भरून किंवा भाजून खावं. त्याचा सच्छिद्र गर तेल पितो.

भजी, पुरी, पापड, कुरडई यांना इथं कामच नाही. दाब चढायच्या आधीच ती तळून होतात. बटाटेवड्याचंही तसंच. आतलं सारण शिजलेलंच असतं, फक्त बेसनाचा थर खुसखुशीत व्हायचा असतो, आणि त्यासाठी वाफ बाहेर जायला हवी.

किती घालायचं हेही पदार्थ निवडण्याइतकंच महत्त्वाचं. चारच तुकडे टाकले तर वाफ पुरत नाही आणि काटा हलत नाही. भांडं ठासून भरलं तर तेलाचं तापमान कोसळतं. थोडंच तळायचं असेल तर मी सोबत बटाट्याच्या फोडी घालतो, त्यांच्या पाण्यावर दाब धरतो.

फ्रीजरमधला माल थेट घालू नका. बर्फ गरम तेलात गेला की तेल उसळून वर येतं. पूर्ण वितळवून, पुसून घ्या. अख्खी मिरची चिरा दिल्याशिवाय नको, उकडलेलं अंडं तर अजिबात नको, दोन्ही फुटतात. आणि हे पुन्हा पुन्हा सांगेन: हा प्रयोग घरच्या डाळ-भाताच्या कुकरमध्ये कुणीही करू नये. त्याची रिंग आणि झडप पाण्याच्या वाफेसाठी असते, 160 अंशांच्या तेलासाठी नाही. झाकण सुटलं तर उकळतं तेल अंगावर येतं.

तेल शेंगदाण्याचं वापरतोय. तापमान कमी आणि झाकण बंद, त्यामुळे ते बरंच टिकतं, पण दर तळणानंतर गाळतो. एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा संस्थेची मर्यादा, म्हणजे एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापून खराब होताना तयार होणारे घटक) 25 टक्क्यांच्या आत, हॉटेलांसाठी असली तरी मी घरीही पाळतो.

पुढं मरळ करून बघायची आहे. मांस घट्ट, काटे कमी, इंचभर जाड तुकडे पडतात, म्हणजे जाड आणि ओलं दोन्ही जमतं. माशाचा वास तेलात उतरतो, म्हणून तेल बदलायच्या आधीच्या शेवटच्या घाण्याला ती घेणार. हळद-मीठ लावून तांदळाच्या पिठात घोळवायची की मैद्यात, एवढंच ठरायचं राहिलंय. कुणी नदीचा मासा दाबाखाली तळला असेल तर वेळ किती ठेवला ते जरूर कळवा.