उणे एक सेकंद

तिरका फेकलेला चेंडू सर्वांत वरच्या बिंदूवर पोहोचला की तिथे त्याचा वेग किती? वर्गात विचारून बघा, 'शून्य' हे उत्तर हमखास येतं. शून्य होतो तो फक्त उभा वेग. आडवा वेग सुटताना होता तेवढाच राहतो. त्वरण तर चढताना, माथ्यावर, उतरताना सारखंच, खालच्या दिशेने. एका घरात राहून अबोला धरलेल्या भावांसारख्या या दोन गती. दोघांत सामाईक काय, तर घड्याळ.

म्हणून आधी उभ्या गतीतून वेळ काढायचा, मग त्याने आडव्या वेगाला गुणायचं. समजा, १५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू २० मीटर प्रतिसेकंद वेगाने, क्षितिजाच्या वर ३० अंशांत फेकला. तो किती लांब पडेल? आडवा घटक १७.३, उभा १०. इथे बरेच जण पल्ल्याचं पाठ केलेलं सूत्र लावून ३४.६ मीटर लिहितात नि मोकळे होतात. पण ते सूत्र चेंडू सुटला त्याच पातळीवर पडणार असेल तेव्हाचं.

वरची दिशा धन धरली की विस्थापन (सुटल्या जागेपासून जमिनीपर्यंतचं उभं अंतर, दिशेसकट) उणे १५ आणि गुरुत्वत्वरण (सोयीसाठी) उणे १०. उभ्या गतीचं वर्गसमीकरण सोडवलं की वेळेची दोन उत्तरं मिळतात: ३ आणि उणे १. वर्गमुळाखालीच ऋण संख्या आली, तर चिन्हांचा घोळ झालाय असं खुशाल समजावं.

उणे १ वर सगळे काट मारतात. मारावीच, पण जरा थांबून. हाच मार्ग मागे वाढवला, तर एक सेकंद आधी चेंडू जमिनीवरून २० च्या उभ्या वेगाने निघालेला दिसतो. गच्चीच्या उंचीला येईतो १० उरतो. समीकरणाला गच्ची कुठे ठाऊक असते! त्याला फक्त वक्र ठाऊक.

३ सेकंद गुणिले १७.३, म्हणजे सुमारे ५२ मीटर. (कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककावर राहिला असेल तर ३० ची साइन ऋण येते आणि चेंडू थेट खालीच सुटतो.) आता याच गच्चीवरून, पल्ला सर्वाधिक म्हणून सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ४५ अंशांत फेकून बघा: ५१.६ मीटर. ३० अंशांपेक्षाही थोडा कमीच. इथला सर्वोत्तम कोन ३७ अंशांच्या आसपास आहे, आणि हवेचा विरोध तर अजून हिशेबात धरलेलाच नाही.