पहिली रात्र, ईझी मोडवर

आज भाचीने मला माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांच्या जगाचा व्हिडिओ गेम शिकवायला घेतला. नवं जग उघडतानाच तिचा प्रश्न, "मावशी, पीसफुल ठेवू की ईझी?" हे खेळ किती अवघड ठेवायचा त्याचे स्तर. पीसफुलमध्ये झोंबी येत नाहीत, भूकही लागत नाही. पण मला थोडी धाकधूक हवीच होती. ईझीवर उपासमार झाली तरी 10 पैकी 5 हार्ट (म्हणजे अर्धा जीव) शिल्लक राहतात. हार्डवर मात्र भुकेने जीवच जातो.

खेळातली दिवस-रात्र मिळून 20 मिनिटांची. अंधार पडला तेव्हा हातात फक्त मातीचे ठोकळे. डोंगरात खड्डा खणून आत शिरले, तोंड बुजवलं. बाहेर झोंबी गुरगुरत होता. भाची माझं मनगट धरून हळूच म्हणाली, "हलू नकोस." उजाडल्यावर ठोकळा फोडला, तर झोंबी उन्हात जळत होता! कितीतरी दिवसांनी इतका आनंद झाला.

उद्या मेंढ्या शोधायच्यात. पलंगाला लोकरीचे 3 ठोकळे लागतात.