खान्देशी ई-पुस्तक आणि त्याचा परगावी राहणारा वाचक

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्यांची परंपरा जुनी आहे आणि त्या पुस्तकांचे पुढे काय होते, हेही बहुधा ठरलेले असते. छापखान्यातून गठ्ठे येतात, एखाद्या सभागृहात प्रकाशन समारंभ होतो, व्यासपीठावरील मान्यवरांना व नातेवाइकांना प्रती भेट दिल्या जातात आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर चढतात. ई-पुस्तकामुळे छपाईचा खर्च आणि माळा हे दोन्ही प्रश्न मिटले, हे खरे. परंतु वाचक कोण आणि तो कुठे राहतो, हा प्रश्न होता तिथेच आहे. माझे मत असे झाले आहे की, आपल्याकडच्या मातीवर लिहिलेल्या पुस्तकाचा वाचक आपल्या तालुक्यात कमी आणि बाहेर अधिक आहे. तो पुण्यात नोकरी करतो, नाशिक-कल्याणला स्थायिक झाला आहे किंवा त्याचे वडील कामधंद्यासाठी सुरतेला गेले आणि तो आता उधना-लिंबायत भागात राहतो. हातात मोबाईल आहे, गावाची ओढ आहे; पण जळगावच्या दुकानातून छापील पुस्तक मागवण्याइतकी सवड नाही. लिहिण्यापासून विक्रीपर्यंतचे माझे बहुतेक निर्णय या वाचकाला समोर ठेवून झाले.

पहिला परिणाम विषयावर झाला. माझे पुस्तक खान्देशातील घरगुती स्वयंपाकाविषयी आहे. ‘महाराष्ट्रीय पाककृती’ असा ऐसपैस विषय घेतला असता तर ते शेकडो पुस्तकांच्या आणि हजारो व्हिडिओंच्या गर्दीत गेले असते; म्हणून खापरावरचे मांडे, कळण्याची भाकरी, डुबुकवडे, ज्वारीचे बिबडे (वाळवणातले पापड) आणि शेतात होणारी भरीत पार्टी एवढ्यावरच मी थांबलो. विषय अरुंद केल्याने वाचक कमी होतील, ही भीती छापील पुस्तकाच्या काळातली आहे, कारण तेव्हा पुस्तक ठेवायला जागा लागत असे आणि ती विक्रेता देई किंवा नाकारी. येथे ‘बिबडे’ असे शोधणारा माणूस नेमका बिबड्यांसाठीच आलेला असतो. मोबाईलचा पडदा लहान असल्यामुळे साहित्याचे तक्ते मी काढून टाकले आणि प्रमाण वाक्यांतच दिले. चार रकान्यांचा तक्ता मोबाईलवर उजवीकडे कापला जातो आणि वाचक नेमका मिठाचे प्रमाण शोधत बसतो.

खरे कष्ट लिहिण्याच्या नंतर सुरू झाले. माझा अर्धा मजकूर अनेक वर्षांपूर्वी स्थानिक अंकांसाठी लिहिलेल्या लेखांचा होता आणि त्याच्या फाइली डीटीपीच्या, म्हणजे संगणकावरील अक्षरजुळणीच्या, जुन्या फॉन्टमध्ये होत्या. श्रीलिपी, आकृती यांसारख्या त्या काळच्या फॉन्टमध्ये देवनागरीची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. छपाईला त्याने काही बिघडत नसे, पण फॉन्ट काढला की मागे निरर्थक अक्षरांची रांग उरते. ई-पुस्तकाला युनिकोडच (प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणारी पद्धत) हवे, कारण वाचक अक्षराचा आकार वाढवतो, शब्द शोधतो आणि दुकानाची यंत्रणाही मजकूर अक्षर म्हणूनच वाचते. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या एका परिवर्तकाने माझ्या फाइली काही क्षणांत युनिकोडमध्ये आणल्या आणि पुढचे काही आठवडे मी त्याने केलेली मोडतोड निस्तरत होतो. मराठीतला ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ मधला आडवा र त्याला ठाऊकच नव्हता. त्यामुळे भरीत पार्टीच्या प्रकरणात पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर वांगी भाजणारे ‘आचारी’ पुढच्याच ओळीत ‘आचार्यांनी ठेचलेल्या मिरच्या’ घालू लागले. पऱ्हाट्यांच्या तर ‘पर्हाट्या’ झाल्या होत्या. संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस येथे कामाला येत नाही, कारण ‘आचार्यांनी’ हा शब्द त्याच्या दृष्टीने शुद्धच आहे. उपाय एवढाच की, र असलेली सर्व जोडाक्षरे एकेक करून शोधावीत आणि शेवटचे प्रूफ संगणकावर न वाचता मोबाईलवर वाचावे. त्यात जाणारा वेळ मला लेखनाइतकाच महत्त्वाचा वाटतो. फाइल बांधण्यासाठी लिबरऑफिस, कॅलिबर आणि सिजिल ही मोफत साधने पुरेशी आहेत. त्यासाठी कोणाला हजारो रुपये मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

पुस्तकाच्या रचनेबाबत आपल्याकडची एक सवय मात्र मोडावी लागली. अर्पणपत्रिका, दोन मान्यवरांच्या प्रस्तावना, तीन शुभेच्छासंदेश, मनोगत आणि ऋणनिर्देश एवढे ओलांडल्याशिवाय आपली पुस्तके सुरूच होत नाहीत. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात, विकत घेण्यापूर्वी वाचकाला जो नमुना फुकट मिळतो तो साधारणपणे पुस्तकाचा पहिला दहा टक्के भाग असतो. दीडशे पानांच्या पुस्तकात तो पंधरा पानांचा होतो आणि ती पंधरा पाने शुभेच्छांतच संपली तर लेखक कसा लिहितो, हे वाचकाला कळतच नाही. मी हे सर्व साहित्य शेवटी नेले. एक मान्यवर त्यामुळे थोडे नाराज झाले, पण पुस्तक पहिल्या पानापासून चुलीपाशी सुरू होते. मुखपृष्ठाचेही तसेच आहे. केडीपी, म्हणजे लेखकाला स्वतःच किंडलवर पुस्तक चढवू देणारी ‘किंडल डायरेक्ट पब्लिशिंग’ ही सेवा, त्यासाठी २५६० गुणिले १६०० पिक्सेलचा आकार सुचवते, परंतु वाचकाला ते मोबाईलवर टपालाच्या तिकिटाएवढे दिसते. म्हणून शीर्षक मोठे आणि छायाचित्र एकच असावे.

हक्कांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण याबाबत आपल्याकडे बरीच निष्काळजी दिसते. ज्यांचे पुस्तक पूर्वी एखाद्या प्रकाशकाने छापले आहे त्यांनी ई-पुस्तक काढण्यापूर्वी जुना करार बाहेर काढून वाचावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, त्यामुळे अनेकांचे हक्क त्यांच्या नकळत त्यांच्याकडे परत आलेले असू शकतात. दुसऱ्यांच्या ओळी वापरतानाही हिशेब मांडावा. सर्वसाधारण नियम लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांचा आहे. परंतु लेखन मरणोत्तर प्रसिद्ध झाले असेल तर साठ वर्षे प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या कविता १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या, म्हणजे ही मुदत २०१२ च्या अखेरीस संपली. चूल आणि शेत यांवरच्या त्यांच्या ओळी मी निःशंकपणे घेतल्या. छायाचित्रांच्या बाबतीत मात्र इतका सोपा हिशेब निघेना, म्हणून सर्व छायाचित्रे मी स्वतःच काढली. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, हवा असल्यास राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो. किंडलसाठी तो सक्तीचा नाही, तेव्हा ‘आयएसबीएन मिळवून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे.

आता दुकान आणि किंमत. किंडलवर डिसेंबर २०१६ पासून मराठी पुस्तके आहेत, पुण्याच्या बुकगंगावरही मराठी ई-पुस्तके विकली जातात आणि ज्यांना पैसे नकोत, फक्त वाचक हवेत, त्यांच्यासाठी ई साहित्य प्रतिष्ठानाचा विनामूल्य वितरणाचा मार्ग आहे. केडीपीवर मानधनाचे दोन दर आहेत, ३५ टक्के आणि ७० टक्के. भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ‘केडीपी सिलेक्ट’मध्ये नाव घालावे लागते आणि मग नव्वद दिवस ते ई-पुस्तक अन्यत्र कोठेही ठेवता येत नाही. शिवाय ७० टक्क्यांच्या दरात फाइलच्या वजनाचा खर्च कापला जातो. भारतात तो प्रत्येक एमबीला ७ रुपये आहे. शंभर रुपयांच्या पुस्तकात रंगीत छायाचित्रे भरून फाइल ६ एमबीची झाली तर ४२ रुपये आधीच वजा होतात आणि उरलेल्या ५८ रुपयांच्या ७० टक्के, म्हणजे कर बाजूला ठेवून सुमारे ४० रुपये ६० पैसे हाती येतात. तीच फाइल छायाचित्रे दाबून १ एमबीवर आणली तर ६५ रुपये मिळतात. मोबाईलवर वांग्याचा फोटो दोन्ही फाइलींत सारखाच दिसतो. कराची एक विसंगतीही येथेच नोंदवतो: छापील पुस्तकावर जीएसटी नाही, परंतु ई-पुस्तकावर तो १८ टक्के आहे आणि छापील आवृत्ती उपलब्ध असेल तर २०१८ पासून ५ टक्के. ज्याने कागद वाचवला त्याच्यावर जास्त कर, हा न्याय मला आजवर पटलेला नाही.

मी नव्वद दिवसांची अट स्वीकारली, कारण त्यामुळे पुस्तक किंडल अनलिमिटेडच्या वर्गणीदारांनाही वाचता येते आणि वाचलेल्या पानांप्रमाणे लेखकाला मोबदला मिळतो. पाककृतींची पुस्तके लोक पूर्ण वाचत नाहीत, चाळतात. तेव्हा त्यातून फार मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती आणि मिळालेही नाही. कथा-कादंबरी लिहिणाऱ्याने हाच हिशेब वेगळा मांडावा.

विक्रीचा सगळा भार शेवटी व्हॉट्सॲपवर आला. खान्देशातील जवळपास प्रत्येक गावाचा, भाऊबंदकीचा आणि शाळेच्या बॅचचा एक तरी गट आहे आणि त्यात गावातल्यापेक्षा परगावी गेलेली माणसेच अधिक बोलतात. तिथे ‘माझे पुस्तक विकत घ्या’ असे लिहिले की दोन हात जोडलेले चित्र येते आणि विषय संपतो. मी त्याऐवजी बिबड्यांचे एक प्रकरण पीडीएफ करून पाठवले, कारण केडीपी सिलेक्टमध्येही पुस्तकाचा दहा टक्क्यांपर्यंतचा भाग बाहेर देण्याची मुभा आहे. त्या पीडीएफच्या शेवटच्या ओळीत पुस्तकाचा दुवा होता आणि त्याखाली ‘किंडलचे ॲप मोबाईलवर फुकट मिळते, वेगळे यंत्र घ्यावे लागत नाही’ असे स्पष्ट लिहिले होते. हे वाक्य पुस्तकाच्या स्तुतीपेक्षा जास्त उपयोगी पडले. सुरतेच्या एका काकूंनी तर गटात उलटटपाली विचारले, ‘भाऊ, ह्यानं पुस्तक कुठं पडतं मोबाईलमधी?’ आणि त्यांना चार जणांनी समजावून सांगितले, तीच माझी सर्वांत चांगली जाहिरात झाली. पीडीएफ पुढे पुढे सरकत राहते आणि ती थांबवता येत नाही. म्हणून जे सरकावे असे वाटते तेच पीडीएफमध्ये द्यावे.

वेळेचाही विचार करावा. दिवाळीत दिवाळी अंकांच्या ढिगाऱ्यात नवे ई-पुस्तक कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे माणसे मनाने गावाकडे वळतात ती आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला, आणि पुस्तकाचा दुवा तेव्हाच फिरवावा. पैसे देऊन अभिप्राय लिहून घेणे किंवा घरच्यांकडून पाच तारे मिळवणे हे ॲमेझॉनच्या नियमांत बसत नाही, आणि ‘चोवीस तासांत बेस्टसेलर’ करून देणाऱ्यांच्या जाहिराती म्हणजे एखाद्या लहानशा वर्गवारीत काही प्रती खपवून क्रमांक मिळवण्याच्या क्लृप्त्या आहेत. त्या क्रमांकाचे छायाचित्र गटात टाकता येते, त्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

दुसरे पुस्तक आखाजीच्या अहिराणी गाण्यांचे आहे आणि तेथे अडचण वेगळी आहे. केडीपीच्या भाषांच्या यादीत अहिराणी नाही, त्यामुळे ‘मराठी’ निवडून शीर्षकात आणि वर्णनाच्या पहिल्याच ओळीत ‘अहिराणी’ लिहावे लागते. शोधशब्दांसाठी सात रकाने मिळतात. त्यांत देवनागरीबरोबर रोमन लिपीतली स्पेलिंगेही घातली आहेत, कारण सुरतेत वाढलेली पिढी अहिराणी बोलते, पण टाइप करते रोमन लिपीत. तिला देवनागरीतली अहिराणी वाचताना अडखळायला होते, म्हणून प्रत्येक गाण्याखाली आवाजाच्या ध्वनिमुद्रणाचा दुवा देणार आहे. गाणी म्हणणाऱ्या बायांची लेखी संमती घेणे आणि मानधनातला त्यांचा वाटा ठरवणे हे काम सध्या चालू आहे; ते पुरे झाल्याशिवाय फाइल चढवायची नाही.