अंटार्क्टिकाला चित्रं काढायला निघालात? ईझल घरीच ठेवा

जाहिरातीत लिहिलं होतं, 'हिमनगांसमोर बसून निसर्गचित्र काढा'. त्या एका ओळीवर मी जहाजाचं बुकिंग केलं आणि चित्रकारांच्या गटाचे 900 डॉलर वेगळे भरले. दहा दिवसांत किनाऱ्यावर एकदाही बसले नाही, कारण बसायला परवानगीच नाही.

दक्षिण ध्रुवाच्या दिशेने बर्ड फ्लू पसरू लागल्यापासून पर्यटक जहाजांसाठी कडक नियम आहे. पक्षी-प्राण्यांचा वावर असेल तिथे बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, बॅग किंवा ट्रायपॉड खाली ठेवायचा नाही. नियम शंभर टक्के योग्य आहे. आपल्या सामानावरून पेंग्विनच्या वसाहतीत रोग जाऊ नये, हे कोणालाही पटेल. माझा राग आहे तो हे माहीत असूनही 'समोर बसून' असं लिहून पैसे घेणाऱ्यांवर. मला हे कळलं ते ड्रेक पॅसेजमध्ये, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या समुद्रात, जहाजावरच्या सक्तीच्या माहितीसत्रात. तेव्हा साडेतीन किलोचं ईझल, म्हणजे चित्राचा स्टँड, केबिनमध्ये पलंगाखाली होतं. ते तिथून थेट परतीच्या विमानातच गेलं.

अर्जेंटिनातलं उशुआया बंदर, तिथून बाहेर पडायची बीगल चॅनेल ही सामुद्रधुनी, पहिली संध्याकाळ हे सगळं छान असतं, त्यावर वेळ घालवत नाही. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या नेको हार्बरचं सांगते, कारण माझा सगळा गैरसमज तिथे उतरला.

एका वेळी किनाऱ्यावर जास्तीत जास्त 100 माणसं. आमच्या जहाजावर त्याहून बरीच जास्त होती, म्हणून निम्मे लोक झोडियाक या रबरी बोटीत फिरत राहिले आणि निम्मे उतरले. हातात तासभर. त्यातली पंधरा मिनिटं चढण्यात गेली, कारण हिमनदीचा कडा कोसळला की लाट येते आणि खाली पाण्यालगत थांबू देत नाहीत. वर पोचल्यावर गळ्यात दोरीने अडकवलेला बोर्ड, एका हातात रंगपेटी, दुसऱ्यात ब्रश, आणि हिमनदीवरून थेट छातीवर येणारा वारा. आकाशाचा पहिला वॉश (पातळ रंगाचा हात) दिला आणि ब्रश धुऊन मान वर करेपर्यंत कागदावर बर्फाची नक्षी उमटायला लागली. कडेकडेने नेच्याच्या पानासारख्या बारीक शिरा, आणि त्या शिरांच्या फटींत अल्ट्रामरीन गोळा झालेलं. इतकी सुंदर दिसली की मी काम थांबवून पाहत राहिले. केबिनच्या उबेत ती दोन मिनिटांत वितळली आणि सगळं आकाश ओघळून समुद्रात उतरलं.

रंगाचं पाणी तिथे ओतता येत नाही, थेंबभरही नाही. घट्ट झाकणाची रिकामी बाटली न्या आणि घाण पाणी परत आणा.

तेव्हा माझा स्पष्ट सल्ला: किनाऱ्यावर रंगवायच्या भानगडीत पडू नका. डॉक्टर आणि चित्रकार एडवर्ड विल्सन 1901 ते 1904 आणि पुन्हा 1910 पासून ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमांवर होता, आणि त्यानेही उघड्यावर रंगवलं नाही. तो पेन्सिलने रेखाटायचा, कुठे कोणता रंग ते चित्रातच शब्दांत लिहून ठेवायचा आणि जलरंग नंतर आत बसून करायचा. मीही चौथ्या दिवसापासून तेच केलं. 'कड्याची सावली जांभळट, पायथा हिरवट निळा, ढग कड्यापेक्षा गडद.' एवढ्या तीन नोंदी फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडल्या. कॅमेरा बर्फाचा निळा हमखास चुकवतो.

गॉगल काढून रेखाटत बसू नका. असंच रेखाटताना विल्सनला हिमांधत्वाने (बर्फावरच्या झगझगाटाने डोळे दुखावण्याने) अतोनात छळलं होतं. करड्या काचेचा गॉगल घ्या, तपकिरी नको, कारण तपकिरी काच निळ्याची वाट लावते. रंग ठरवायला चार सेकंद काढा, लगेच घाला.

साहित्याचं म्हणाल तर ॲक्रिलिक अजिबात नेऊ नका. साधारण 10 अंशांखाली त्याचा थर नीट जुळत नाही, वाळल्यावर भुकटी होते. तैलरंग घट्ट होतात आणि टर्पेंटाइन विमानात चालत नाही. 6बी पेन्सिल दोरीने बांधून घ्या, पेनाची शाई थंडीत दगा देते. पांढऱ्या कागदाऐवजी करडा कागद आणि पांढरा गुआश (अपारदर्शक जलरंग) न्या, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा बदल. उन्हातलं बर्फ तुमच्या कागदापेक्षा कितीतरी उजळ असतं, त्यामुळे पांढऱ्या कागदावर वर जायला जागाच उरत नाही.

बोट लागते म्हणून कानामागे स्कोपोलामिनची पट्टी लावणार असाल तर हे वाचाच. तिने बाहुल्या विस्फारतात आणि जवळचं धूसर दिसतं. माझे दोन दिवस पेन्सिलचं टोक न दिसण्यात गेले. डॉक्टरांना आधीच विचारून पट्टीऐवजी दुसरं औषध घ्या.

आणि पैसे भरण्याआधी लेखी विचारा: किनाऱ्यावर किती मिनिटं, डेकवर चित्रकारांसाठी राखीव जागा आहे का, ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, जाऊ देतात का. माझ्या 900 डॉलरमध्ये एक टेबल आणि रोज अर्ध्या तासाची चर्चा मिळाली. पैसे वाया. ते चांगल्या हातमोज्यांवर आणि बाहेर उघडणाऱ्या दाराजवळच्या केबिनवर खर्च करा.

कारण खरं काम डेकवरच होतं. जहाज लेमेअर चॅनेलमध्ये शिरलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. डिसेंबरअखेर तिथे सूर्य जेमतेम दोन तास बुडतो, अंधार होतच नाही. 11 किलोमीटरच्या त्या चिंचोळ्या वाटेत दोन्हीकडचे कडे गुलाबी झाले होते आणि खालचं पाणी शिसवी काळं. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला उभी राहून मी चाळीस मिनिटांत अकरा रेखाटनं केली, बोटं बधिर होईपर्यंत. इतकं सलग, इतकं खरं काम मी वर्षानुवर्षं केलेलं नाही. लाउडस्पीकरवर घोषणा होईल म्हणून केबिनमध्ये थांबू नका. संध्याकाळीच वेळ विचारून ठेवा आणि अर्धा तास आधी, थर्मासमध्ये गरम पाणी भरून, आडोशाचा कठडा धरा. नंतर तिथे फोटो काढणाऱ्यांची तीन रांगांची गर्दी होते आणि कोपर हलवायला जागा राहत नाही.