आमची वाटचाल : दुपारी ३४, पहाटे १४

आमचा धंदा कोंबड्या विकण्याचा नाही, तीन आठवड्यांची पिल्ले तयार करून देण्याचा आहे. हॅचरीतून (अंडी उबवणी केंद्रातून) एक दिवसाचे पिल्लू आणायचे, ऊब, खाद्य, पाणी आणि लशी देऊन ते अंगाने घट्ट करायचे आणि मग परसात कोंबड्या पाळणाऱ्याच्या हाती द्यायचे. ग्राहक म्हणजे मुख्यतः बचत गटातल्या महिला आणि घरामागे खुराडे बांधलेले शेतकरी. सुरुवातीला आम्हीही एकदिवसीय पिल्लेच पुरवत होतो. पण घरी नेलेल्या पिल्लांची मरतूक पहिल्या दोन आठवड्यांतच होते आणि त्याचे कारण बहुतेक वेळा ऊब कमी-जास्त होणे हेच असते, म्हणून हा टप्पा आम्ही आमच्याकडे घेतला.

गावठी खुडूक कोंबडी दहा-बारा पिल्ले पंखाखाली घेऊन फिरते, तिला थर्मामीटर लागत नाही. वनराजा, गिरिराजा, कावेरी या सुधारित जाती अंड्यांना चांगल्या, पण त्या सहसा खुडूक होत नाहीत आणि पिल्ले तर मशीनमधूनच येतात. अंगावर नुसती लव. पहिले दहा-बारा दिवस त्यांना स्वतःच्या शरीराचे तापमान नीट सांभाळता येत नाही. भोवतालची हवा थंड झाली की पिल्लूही गार पडते, तापली की धापा टाकते.

आता हंगामाचे गणित. आखाडात नर विकायचे तर पिल्ले फाल्गुनात हवीत. पोटभर खाद्य मिळाले तर साडेतीन-चार महिन्यांत नर दीड किलोच्या पुढे जातात. त्यामुळे सर्वांत जास्त मागणी नेमकी फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत, आणि नाशिक–अहिल्यानगर पट्ट्यात हवा सर्वांत बेभरवशाची तीही याच दिवसांत. दुपारी ३४ अंश, पहाटे १४, मध्येच अवकाळी. डिसेंबरची थंडी परवडते, कारण तेव्हा दुपारचा उन्हाळा सोबत नसतो. फाल्गुनात एकाच दिवसात दोन ऋतू सांभाळावे लागतात. आमच्या शेडमध्ये आजवर जे काही बदलले, ते या २० अंशांच्या फरकासाठी.

बैठक अशी. २५० पिल्लांना आठ फूट व्यासाचे एक गोल कडे. कड्याला दीड फूट उंचीचा पत्रा. मेमध्ये जाळी चालते, पण या दिवसांत पहाटेचा झोत जमिनीलगत येतो, म्हणून पत्राच. खाली दोन-अडीच इंच भाताचा कोरडा तूस, त्यावर पहिले तीन दिवस वर्तमानपत्र, नाहीतर पिल्ले तूसच खातात. मध्ये छत्री (ऊब खाली अडवणारे झाकण), तुसापासून दीड फुटावर, त्यात १०० वॅटचे पाच बल्ब. हे बल्ब एका बटणावर न ठेवता दोन आणि तीन असे वेगळे जोडायचे. सकाळी दहानंतर तीन बंद, दुपारी बारा ते चार बहुतेक वेळा पाचही बंद, सूर्य मावळायच्या आत पुन्हा सुरू. पिल्ले आणायच्या आधी निदान बारा तास बल्ब चालू हवेत. हवा लवकर तापते, तूस तापायला वेळ लागतो आणि पिल्लू पायातून गार पडते.

थर्मामीटर भिंतीला टांगून उपयोग नाही. तो छत्रीच्या कडेला, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे तुसापासून दोन इंचांवर हवा. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, दुसऱ्यात ३२, तिसऱ्यात २९. पण आकड्यापेक्षा पिल्लांवर भरवसा ठेवावा. छत्रीखाली गठ्ठा करून चिवचिवाट चालला असेल तर ऊब कमी. पत्र्याला चिकटून, चोच उघडी, पंख सैल असतील तर जास्त. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने झोत येतो आहे, तिकडचा पडदा बघा. कड्यात सगळीकडे पसरलेली, काही खाताहेत, काही निजली आहेत, असे दिसले की बल्बला हात लावू नये. पहाटे तीन ते सहा ही खरी वेळ. रात्री दहाला सगळे ठीक होते, याला काही अर्थ नाही.

आणल्यावर पहिल्या रात्री पंचवीस-तीस पिल्लांची गळ्याखालची पोटली बोटांनी चाचपावी. भरलेली आणि मऊ असेल तर खाद्य-पाणी दोन्ही पोटात गेले. कडक असेल तर पाणी कमी पडले, रिकामी असेल तर ऊब तपासा. गारठलेले पिल्लू भांड्यापर्यंत जातच नाही. गारठ्याचा दुसरा पुरावा तिसऱ्या-चौथ्या दिवशी मागच्या बाजूला दिसतो. विष्ठा चिकटून गुदद्वार बंद होते. कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून काढावी, ओढू नये; कातडी फाटते.

पडद्यांचा विषय लोक हलक्यात घेतात. बहुतेक शेडमध्ये पडदा वर बांधलेला आणि खालून गुंडाळायचा असतो. मग उघडला की वारा थेट पिल्लांवर. आमचे पडदे खाली पक्के आहेत आणि वरून दोरीने उतरतात. कोंदट हवा वरून जाते, पिल्लांना झोत लागत नाही. थंडीच्या भीतीने सगळे आवळून बंद केले तर तुसातला अमोनिया साचतो. आत शिरताच तुमच्या डोळ्यांना झोंबत असेल, तर जमिनीपासून दोन इंचांवर जगणाऱ्या पिल्लाचे काय होत असेल? म्हणून भर रात्रीही वरची वीतभर फट उघडीच असते.

अवकाळीत तीन गोष्टी एकदम येतात: वीज जाते, गारवा येतो आणि पत्र्यावर आवाज होतो. अंधार आणि आवाज यांनी पिल्ले घाबरून एकमेकांवर चढतात, खालची दबून मरतात. अशा वेळी थंडीने इतकी मरत नाहीत. कडे गोल का, याचे उत्तर हेच, कोपराच नको. बॅटरीवरचा छोटा दिवा प्रत्येक कड्यावर कायम असतो. उबेसाठी गॅसचा ब्रूडर आणि भरलेले जादा सिलिंडर. कोळशाची शेगडी वापरायचीच असेल तर ती बाहेर पेटवून, धूर संपल्यावर, जाळीखाली झाकून आत आणावी आणि पडद्याची वरची फट आणखी मोठी करावी. बंद शेडमध्ये कोळशाचा वायू पिल्लेच काय, राखणदारालाही मारतो. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट या राज्यात कोणी विसरलेले नाही. गारांनी सिमेंटचे पत्रे तडकतात, म्हणून कडी तिथेच मांडावीत जिथे छपराचा भरवसा आहे, आणि पागोळीचा पत्रा भिंतीबाहेर तीन फूट तरी हवा.

पावसाचा खरा हिशेब नंतर लागतो. ओला तूस आणि दुपारची ऊब मिळाली की रक्ती हगवणीचे बीज वाढते, विशेषतः तिसऱ्या आठवड्यानंतर. भांड्याभोवतालचा ओला तूस रोज काढून कोरडा टाकायचा, बाकीचा खालीवर करायचा. मुठीत दाबलेला तूस गोळा होऊन राहिला तर तो ओला, सुटला तर ठीक. भांडी पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवली की निम्मी सांडलवंड थांबते. दुपारी छपरावरच्या काळ्या टाकीतले पाणी इतके तापते की पिल्ले त्याला तोंड लावत नाहीत. टाकीला ओले गोणपाट गुंडाळावे आणि नळीतले पहिले पाणी सोडून द्यावे.

लशींमध्ये मानमोडीसाठी (राणीखेत रोगासाठी) लासोटा पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून, गंबोरो रोगाची लस चौदाव्या दिवसाच्या आसपास पाण्यातून. ती पहाटेच, लिटरला पाच ग्रॅम मलईरहित दूध पावडर घालून, दोन तासांत संपेल इतक्याच पाण्यात. टीसीएलचे (ब्लीचिंग पावडरचे) पाणी अजिबात नको. आदल्या रात्री अवकाळी झाला असेल तर लस एक-दोन दिवस पुढे ढकलतो. गारठलेल्या पिल्लावर आणखी ताण नको.

अठराव्या दिवसापासून ऊब तोडायला घेतो. आधी दिवसाची, मग मध्यरात्रीपर्यंतची, शेवटी पहाटेची. एकविसाव्या दिवसानंतर पिल्ले संध्याकाळी हवेशीर क्रेटमधून जातात, भर उन्हात कधीच नाही. नेणाऱ्यांना एवढेच सांगतो: पहिले चार-पाच दिवस रात्री खुराड्यात ६० वॅटचा एक बल्ब लावा, आणि जुन्या कोंबड्यांत लगेच सोडू नका. महिनाभर वेगळी ठेवा.

मेमध्ये आम्ही नवी बॅच टाकत नाही. ४० अंशांच्या वर बल्ब लागत नाहीत हे खरे, पण हॅचरीपासून इथपर्यंतच्या वाटेतच पिल्ले सुकतात. पुढची नोंदणी मृगाच्या पावसानंतर सुरू होते.